पाचपैकी

चौदा फिती. नावं नाहीत.
आवाजही काढून टाकलाय, नाहीतर
खोकण्यावरूनसुद्धा मी ओळखते आमची पोरं.
हात दिसत नाहीत. पोटाच्या आतला पांढरा उजेड,
दोन चिमटे, एक पित्ताशय.
रत्नागिरीचं नाव आणि तारीख
कोपऱ्यात काळ्या पट्टीखाली.

तक्ता तौफीक होडेकरने केलाय.
ऊतींशी वागणूक : एक ते पाच.
हालचालींची काटकसर : एक ते पाच.
दोन हातांचा मेळ. अवजाराची जाण.
पुढचं पाऊल आधी ठाऊक आहे का.
"मॅडम, दया आणू नका मनात," म्हणाला,
"रागही नको. फक्त चिमटे बघा."

आमच्या वेळी तक्ता नव्हता.
सर बोटांवर फोर्सेप मारायचे
आणि किती लागलं त्यावरून आम्ही आपले गुण ओळखायचो.
पास झालीस असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.
एकदा ते चहाला म्हणून गेले आणि आलेच नाहीत.
पोट उघडं, मी आणि घड्याळ.
तेच प्रमाणपत्र.

आताची पोरं मिरकरवाड्यावरून म्हाकुलं आणतात,
टाके घालायला शिकतात त्यांच्यावर.
वसतिगृहाच्या फ्रिजला वास. वॉर्डनचं पत्र आलं,
ते मी हरवलं.
म्हाकूल बरं असतं सरावाला.
चुकीची ओढ बसली की फाटतं,
ओरडत नाही, माफही करत नाही.

पहिली फीत : चार.
तिसरी : दोन. चिमटा येतो, जातो, पुन्हा येतो,
ओहोटीला कालवं काढायला आलेली नवी सून
प्रत्येक दगड उलटून बघते तसा.

सहावीत अकरा सेकंद काहीच हलत नाही.
मी मोजले.
समोर नळी आहे की रक्तवाहिनी,
पडद्यावर मलाही कळेना.
मग चिमटा मागे सरला, चरबीचा एक पदर हळूच बाजूला,
आणि दोन्ही वाटा वेगळ्या दिसल्या.
तक्त्यात थांबण्याला रकाना नाही.
काटकसरीत घ्यावं? की पुढचं पाऊल ठाऊक नव्हतं म्हणून कापावं?
पाच लिहिले. खोडले. चार. परत पाच.
कागद भोकापर्यंत आला.

नववी : सफाई आहे. डावा हात आळशी,
धरलं तिथेच धरून बसतो.
यकृताच्या कडेला चिमटा टेकवलाय जरा जास्तच,
गप्पा मारताना टेबलावर कोपर टेकवावं तसा.
शेरा लिहिला : 'मुलगा चांगला आहे,
पण ते त्याला कळलंय. लक्ष ठेवावं.'
तीन. वागणुकीला दोन.

शुक्रवारी तौफीक दारात उभा,
कागद पुढे करेना.
"पट्टी तपासायला एक फीत जाणत्या हाताची
मिसळावी लागते, मॅडम. विचारायचं राहिलं.
नववी. मागच्या मार्चमधली,
पावसच्या त्या भाटकरबाईंची."

भाटकरबाई चौथ्या दिवशी घरी गेल्या होत्या.
फणसाचे गरे घेऊन आल्या होत्या मग, पेपरात बांधून.
मी लगेच तेच आठवलं,
वकिलाने साक्षीदार आठवावा तसं.

"आणि सहावी कुणाची?"
"ते नाव उघडायचं नाही,
असं तुम्हीच ठरवलंत."

तीनचे चार केले नाहीत.
'मुलगा' तेवढा खोडला.
रात्री बांगडे साफ करताना बघितलं,
डावा हात खरंच नुसता धरून बसतो.
अडतीस वर्षं.

सोमवारी टेबलावर देवरूखचा एक कंडक्टर.
कॅमेरा धरायला प्राची वायंगणकर,
तिसऱ्या महिन्यातली, मास्क नाकाखाली घसरणारा.
चिमटा यकृताला लागला.
उचलला. थांबले.
पडदा स्थिर. भूलतज्ज्ञाने मान वर केली.

"मॅडम, काही अडलं का?"

मी म्हटलं, "मोज."